बाभळीची शेंग आणि संमेलनाची सजावट

पौष-माघाच्या सुमारास जिल्ह्यातील बहुतेक प्राथमिक शाळांतून वार्षिक स्नेहसंमेलनाची लगबग सुरू होते. गाणी बसविली जातात, नाच ठरतात, आणि त्याच आठवड्यात पालकांच्या नावे चिठ्ठ्याही जाऊ लागतात. तालुक्याच्या गावाहून भाड्याने आणावयाचा पोशाख, चमकीचा कागद, रंगीत फिती, पडद्यासाठी वर्गणी अशी ती यादी असते. यादी वाचून दाखविल्यानंतर वर्गातील तीन-चार मुले मधल्या सुटीत हळूच येऊन सांगतात, "गुरुजी, मला नाचात नको." कोणी पोट दुखते म्हणतो, कोणी गावाला जाणार आहे म्हणतो. खरे कारण शिक्षकाला ठाऊक असते. ऊसतोडीला गेलेल्या किंवा रोजंदारीवर जगणाऱ्या घरातून पोशाखाचे भाडे निघत नाही, आणि हे मूल ती गोष्ट चारचौघांत बोलणार नाही. संमेलनाच्या दिवशी ते प्रेक्षकांत बसते व टाळ्या वाजविते.

हे एक नुकसान झाले. दुसरे नुकसान चटकन ध्यानात येत नाही. भाड्याचा मोराचा पोशाख अंगावर चढविणारा मुलगा रोज सकाळी बांधावर खरा मोर पाहत असतो. मोर पिसारा फुलविण्यापूर्वी कसा थबकतो, पावले कशी उचलतो, हे त्याला पाठ असते. ज्याने तो पोशाख शिवला, त्याने कदाचित मोराचे चित्रच पाहिले असेल. तरीही शाळा या मुलाच्या डोळ्यांपेक्षा त्या शिंप्याच्या पोशाखावर अधिक विश्वास टाकते.

निसर्गापासून प्रेरणा घ्यावी, हे वाक्य कलाशिक्षणाविषयीच्या कोणत्याही पुस्तकात सापडते. त्याचा अर्थ पुठ्ठ्यावर चार पाने चिकटविणे असा पुष्कळ ठिकाणी घेतला जातो. तो पुरेसा नाही. प्रेरणा घेणे म्हणजे प्रथम पाहणे, पाहिलेल्यातील ठळक लक्षण निवडणे, आणि मग ते लक्षण आपल्या कामाच्या साहित्यात उतरविणे. आपल्या घरांतून हे काम शतकानुशतके चालत आले आहे, आणि त्याचा पुरावा शोधण्यास लांब जावे लागत नाही.

वर्गातील मुलींना आपल्या आईच्या व आजीच्या दागिन्यांची नावे विचारून फळ्यावर लिहावीत. बोरमाळ येईल, जोंधळी पोत येईल, बकुळीहार येईल. पहिलीत बोराएवढे मणी, दुसरीत जोंधळ्याच्या दाण्याएवढे, तिसऱ्यात बकुळीच्या फुलाचा आकार. सोनाराने शिवारात व अंगणात जे पाहिले तेच सोन्यात घडविले, आणि नावही तेच राहू दिले. कोल्हापुरी साजाच्या पानड्यांत चंद्र, बेलपान, शंख, मासा, कासव, कमळ, कारले व भुंगा हे आकार असतात. भुंग्यासारखा क्षुद्र कीटक दागिन्यात जाऊन बसावा, यावरून पाहणाऱ्याच्या नजरेची ओळख पटते. लुगड्यांचेही तसेच आहे. पैठणीच्या पदरावर मोर, मुनिया पक्षी आणि फुलावेलींची आसावली विणलेली असते, तिच्या एका काठाला नारळी म्हणतात. महेश्वरच्या साडीच्या काठावर नर्मदेच्या लाटा आहेत. रांगोळीत कासव, कमळ व गोपद्म काढणाऱ्या घरच्या बायकांनी कोणत्याही कलाशाळेत पाऊल टाकलेले नसते. ही यादी मुलांकडूनच पुरी करून घ्यावी. ज्या घरात सोने नाही त्या घरातही ही नावे असतात, त्यामुळे या तासाला कोणी मागे पडत नाही. दागिने मात्र शाळेत आणावयास सांगू नयेत.

यानंतरचा पाठ एकाच वस्तूवर घ्यावा. येथे उदाहरणादाखल बाभळीची शेंग घेतली आहे, कारण कोरडवाहू भागातील बहुतेक गावांत बाभूळ आहे आणि तिच्याकडे कोणी सजावटीच्या दृष्टीने पाहत नाही.

पाठाच्या आरंभी शेंग दाखवू नये. "बाभळीची शेंग काढा" एवढेच सांगून पाटीवर किंवा कागदावर चित्र काढावयास पाच मिनिटे द्यावीत. वर्गातील बहुतेक मुले घेवड्याच्या किंवा चवळीच्या शेंगेसारखी एक लांबट, सरळ आकृती काढतील. रोज शेळ्यांपुढे शेंगा टाकणारे मूलही तशीच काढील. यात त्याचा दोष नाही. मूल वस्तू काढत नसते, वस्तूचे नाव काढत असते. शेंग हा शब्द ऐकताच मनात जी एक ठरीव आकृती उभी राहते, ती त्याने कागदावर उतरविलेली असते. मोठी माणसेही हेच करतात, म्हणून शिक्षकानेही त्याच पाच मिनिटांत आपले चित्र काढून ठेवावे.

आता दोघांमागे एक याप्रमाणे वाळलेल्या शेंगा वाटाव्यात. चित्र लगेच काढावयाचे नाही. प्रथम डोळे मिटून बोट फिरवावयाचे. बोट एका गोल उंचवट्यावर चढते, मग अरुंद खाचेत उतरते, पुन्हा चढते. एका शेंगेत असे आठ-दहा किंवा बारा गोल लागतात आणि प्रत्येकात एक बी असते. डोळे उघडल्यावर दिसते की ही शेंग म्हणजे दोऱ्यात ओवलेल्या चपट्या मण्यांची माळ आहे. मणी सारखे नाहीत. एखादा लहान राहिला आहे, एखाद्या ठिकाणी बी धरलेच नाही आणि तेथे माळ बारीक झाली आहे. रंग एकच नाही, वर राखी लव आहे आणि ती घासली की खालचा काळसर तपकिरी रंग दिसतो. शेंग सरळ नाही, किंचित वळलेली आहे. हलविली तर खुळखुळते. हे सर्व मुलांनी सांगावे. शिक्षकाने फक्त विचारावे आणि थांबावे. थांबणे हे या पाठातील सर्वांत अवघड काम आहे.

गावात वेडी बाभूळ असल्यास तिचीही शेंग शेजारी ठेवावी. ती पिवळट, जवळजवळ सरळ, आणि मण्यांसारखी आवळलेली नसते. दोन्ही झाडांना गावात बाभूळच म्हणतात, पण दोन्ही शेंगा समोरासमोर आल्या की नावाने झाकलेला फरक उघडा पडतो.

आता दुसरे चित्र. पहिले व दुसरे चित्र शेजारी ठेवून मुलाला स्वतःलाच पाहू द्यावे. गुण देऊ नयेत. या दोन चित्रांतील अंतर हेच त्या तासाचे फळ होय, आणि ते वर्गातील मागे राहणाऱ्या मुलाच्या कागदावर बरेचदा अधिक ठळक दिसते.

तिसऱ्या टप्प्यात चित्राचे नक्षीत रूपांतर करावयाचे. चित्रात बारा मणी होते, नक्षीत पाच पुरतील. लहानमोठेपणा काढून टाकावा किंवा एकाआड एक लहान-मोठा असा क्रम बांधावा. एक शेंग वर वळलेली, पुढची खाली वळलेली, अशी ओळ मांडली की लाट तयार होते. शेंगांच्या मध्ये बाभळीचे पिवळे गोल फूल ठेवले की काठ पुरा झाला. हाच काठ व्यासपीठाच्या पडद्याखाली मोठा करून काढता येतो, फ्रॉकच्या किंवा सदऱ्याच्या घेरावर लहान करून छापता येतो. छापण्यासाठी बटाटा वा रताळे अर्धे कापून त्यावर एक मणी कोरावा, आणि कोरण्याचे काम शिक्षकाने स्वतः करावे. एकाच मण्याचा ठसा पुनःपुन्हा उमटवून पुरी शेंग तयार होते. गणिताच्या तासाला हीच नक्षी पुन्हा घ्यावी. आवर्तन, सममिती आणि समान अंतर या तिन्ही गोष्टी तेथे मुलांनी आधीच हाताने केलेल्या असतात, फक्त नावे सांगावयाची राहिलेली असतात.

शेंग उरतेच. वाळलेल्या शेंगा दोऱ्यात गुंफून पायात बांधल्या की नाचणाऱ्या मुलांना पैंजण मिळतात. त्यांचा आवाज घुंगरांसारखा तेजस्वी नसतो, पाचोळ्यातून चालल्यासारखा असतो, आणि वीस मुले एका ठेक्यात पाय आपटू लागली की तो सभामंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात पिकतात आणि संमेलन हिवाळ्यात येते. तेव्हा आदल्या वैशाखातच पोतेभर शेंगा वेचून कोरड्या जागी, भुंगेरे लागू नयेत म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवाव्या लागतात.

वेशभूषेसाठीही हीच पद्धत लागू करावी. भाड्याच्या पोशाखाची खोड अशी की तो सर्व काही दाखवू पाहतो. चोच, डोळे, पंख, शेपटी सगळे असते आणि त्यात मूल दिसेनासे होते. पाहणारा ओळखतो तो एखाद-दुसऱ्या लक्षणावरून. तेव्हा पक्षी निवडताना मुलांना प्रश्न टाकावा की हा पक्षी लांबून कशाने ओळखू येतो?

कोतवाल घ्या. अंगभर काळा आणि शेपटीला लांब दुभंगलेली दोन टोके. घरात असेल तो गडद कपडा, खांद्यावर घोंगडी आणि कमरेला मागे दोन लांब पट्ट्या बांधल्या की कोतवाल झाला. उरलेले काम मुलाच्या अंगात आहे. कोतवाल आपल्याहून मोठ्या कावळ्या-घारींच्या अंगावर धावून जातो, हे ज्याने पाहिले आहे त्याला नाटुकलीतील प्रवेश शिकवावा लागत नाही. टिटवीचे पाय लांब व पिवळे, डोळ्यापुढे लाल मांसल पट्टी, गळा काळा व पोट पांढरे असते. हळदीत रंगविलेल्या पट्ट्या पोटरीला गुंडाळाव्यात, कपाळाच्या बाजूस कुंकवाचा ठिपका द्यावा आणि मुलाला ओरडू द्यावे. गायबगळ्याला वडिलांचे जुने धोतर पुरते. पावसाळ्याच्या सुमारास त्याच्या डोक्यावर व मानेवर नारिंगी छटा येते, ती दाखवावयाची की नाही हे नाटुकलीतील ऋतूवर ठरवावे. असा प्रश्न मुलांत निघाला तर ती वेशभूषा यशस्वी झाली असे समजण्यास हरकत नाही. हुदहुदाचा तुरा ताडाच्या किंवा शिंदीच्या पातीचा पंख्यासारखा करून टोकांना काजळ लावले की तो दुरूनही ओळखू येतो. मोर करावयाचाच असेल तर पिसांवाचून करावा. आईच्या निळ्या-हिरव्या लुगड्याच्या निऱ्या दोन्ही हातांनी मागे फुलविता येतात. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे व १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. मुलांनी पिसे मिळविण्यासाठी पक्ष्यामागे लागावे असा कोणताही निरोप शाळेतून जाता कामा नये.

रंगांविषयी थोडे तपशिलाने सांगणे अगत्याचे आहे, कारण येथे विज्ञानाचा तासही साधतो. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी पडली की पिवळा रंग लाल होतो, त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा होतो. मुलांना हा प्रयोग दहा वेळा करावासा वाटतो, करू द्यावा. हळदीचा कपड्यावरील रंग उन्हात उडतो, म्हणून तो कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच द्यावा व सावलीत वाळवावा. पळसाची फुले उकळून केशरी-पिवळे पाणी निघते, पण पळस फुलतो फाल्गुनात, म्हणून फुले आदल्या वर्षीच वाळवून ठेवावीत. पारिजातकाच्या देठांचेही तसेच. हिरड्याच्या किंवा बाभळीच्या शेंगांच्या काढ्यात लोखंडाचे पाणी मिसळले की काळा रंग येतो. हे लोखंडाचे पाणी करण्यासाठी गंजलेले खिळे गुळाच्या पाण्यात दोन-तीन आठवडे भिजत ठेवतात. कलमकारीचे कारागीर काळ्या रंगासाठी लोखंड व गूळ यांचाच उपयोग करीत आले आहेत. कपड्यावर रंग धरावा म्हणून तुरटी वापरावी. गेरू, काव, कोळसा व तांदळाचे पीठ यांत बाभळीचा डिंक मिसळला की भिंतीसाठी व पडद्यासाठी चार रंग तयार झाले. उकळण्याचे काम मोठ्या माणसांनीच करावे.

अशी साधी सजावट गावकऱ्यांना दरिद्री वाटेल, पाहुणे काय म्हणतील, ही शंका काही मुख्याध्यापकांच्या मनात येते. तिला उत्तर म्हणून आपल्याच राज्यातील एक प्रसंग सांगता येईल. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन होते व अध्यक्षस्थानी जवाहरलाल नेहरू होते. देशभरातून लोक येणार होते. मंडपनगरीच्या सजावटीचे काम गांधीजींच्या आग्रहावरून शांतिनिकेतनच्या कलाभवनातील नंदलाल बोस यांच्याकडे आले, आणि अट अशी होती की साहित्य खेड्यातलेच असावे. बांबू, गवत व गावच्या कारागिरांचे हात यांवर ती नगरी उभी राहिली. पुढे १९३८ साली गुजरातेतील हरिपुरा येथील अधिवेशनासाठी याच चित्रकाराने शेतकरी, ढोलकरी, चांभार, बैल अशा ग्रामजीवनातील विषयांची चित्रफलके मातीच्या रंगांत केली, आणि ती आज भारतीय चित्रकलेतील महत्त्वाची निर्मिती मानली जातात. नंदलालबाबू जवळ लहान कार्डे बाळगीत आणि जे दिसेल ते त्यांवर टिपून ठेवीत. मंडप बांधण्याच्या कौशल्याइतकेच हे टिपणे महत्त्वाचे होते. प्राथमिक शाळेत त्याची जागा जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांची शिवलेली वही घेऊ शकते.

या ठिकाणी वारली चित्रांविषयी एक सूचना करणे अप्रस्तुत होणार नाही. निसर्ग आणि कला असे शब्द निघाले की हल्ली अनेक शाळांच्या भिंतींवर त्रिकोणी माणसांचा फेर उमटतो, मग ती शाळा कोणत्याही जिल्ह्यातील असो. ही चित्रे मुळात डहाणू-जव्हारकडील वारली समाजाच्या घरांतील. गेरू-मातीने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने ती काढतात. लग्नात सवाष्णी चौक काढतात व त्यात पालघाट देवी असते. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही कला लग्नघरापुरती न ठेवता नित्याच्या चित्रकलेत आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली व २०१८ साली ते निवर्तले. मासे धरण्याचे जाळे त्यांनी किती बारकाईने पाहिले होते, हे त्यांच्या जाळ्याच्या चित्रांतून कळते. त्यांच्याकडून घ्यावयाचे ते हे पाहणे. त्यांचा त्रिकोण उचलून मराठवाड्यातील किंवा कोकणातील मुलांकडून गिरवून घेतला तर तो छापील कित्त्यासारखाच कित्ता होतो. पालघर जिल्ह्यातील शाळांची गोष्ट वेगळी आहे. तेथे मुलाच्या घरची आजीच भिंतीपुढे बसून दाखवू शकेल, तिला मानाने बोलवावे. इतर गावांनी आपल्या गावची आजी शोधावी. कोणाच्या घरी गोधडी शिवतात, कोणी बुरुडकाम करतो, कोणी पोळ्याला बैलांची शिंगे रंगवितो व झूल चढवितो. बैल सजविणाऱ्या शेतकऱ्याला कोणते रंग शेजारी ठेवले असता दुरून उठून दिसतात, हे पक्के ठाऊक असते.

साहित्य गोळा करताना काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. मुले शिवारात एकटी जाऊ नयेत. ओली फांदी तोडू नये, गळलेलेच वेचावे. पक्ष्याचे वापरातील घरटे हलवू नये. सुगरणीचे जुने खोपे पावसाळ्यानंतर आपोआप खाली पडतात, तेवढेच घ्यावेत. बाभळीच्या जोडकाट्यांची फांदी वर्गात आणू नये. रुईचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. बिब्ब्याने अंग फुटते. कण्हेर व धोतरा विषारी आहेत, आणि गुंजेची लाल-काळी बी कितीही सुंदर दिसली तरी ती माळेत ओवू नये, कारण ती चावली गेली तर जीवावर बेतते. गाजर गवताने कित्येकांच्या अंगावर पुरळ उठते व खाजकुइलीविषयी मुलेच शिक्षकाला सांगतील. चेहऱ्याला ओला पाला, चीक किंवा कोणताही अपरिचित रस लावू नये. चेहऱ्यासाठी काजळ व कुंकू पुरेसे आहे, तेही भेसळीचे नसावे. महाराष्ट्रात २०१८ सालापासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, म्हणून कमानीसाठी ते आणण्याचा प्रश्नच उरत नाही. बांबूच्या कामट्या, कडब्याची ताटे व आंब्याचे टहाळे यांची कमान दोन तासांत उभी राहते.

वेळेची अडचण खरी आहे. दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळून हे सारे करणे सोपे नाही. त्यासाठी स्वतंत्र तास काढण्याची आवश्यकता नाही. आषाढापासून दर शनिवारी सकाळी अर्धा तास एकच वस्तू पाहावी व वहीत टिपावी. आज सीताफळाचे डोळे, पुढच्या खेपेस कोळ्याचे जाळे, नंतर गोगलगाईचा शंख, भेगाळलेल्या तळ्यातील चिखल, सूर्यफुलाच्या चकतीतील बियांच्या वळणदार रांगा. या रांगा मोठ्या मुलांना मोजावयास द्याव्यात, एका दिशेने ३४ व दुसऱ्या दिशेने ५५ अशी संख्या अनेकदा येते. चारही वर्ग एकाच वस्तूभोवती बसू शकतात. पहिलीच्या मुलाने बोट फिरवावे, चौथीच्या मुलाने शब्दांत वर्णन लिहावे. मार्गशीर्षात संमेलनाचा विषय ठरेल तेव्हा वहीत वीस-बावीस नोंदी असतील, आणि नक्षी व वेश त्यांतूनच निवडावेत. पालकांना चिठ्ठी पाठवावयाची झाल्यास तीत घरातील एक जुना कपडा एवढेच मागावे, आणि तो न आणणाऱ्यासाठी शाळेच्या पेटीत दोन-चार धुतलेली लुगडी व धोतरे आधीच ठेवलेली असावीत. ती कोणाला दिली याची नोंद फळ्यावर करू नये.

संमेलन आटोपल्यावर पाने, फुले व कडबा खताच्या खड्ड्यात जावा. शेंगांचे पैंजण सोडून शेंगा शेळ्यांना घालाव्यात, काही बिया रोपवाटिकेसाठी राखून ठेवाव्यात. बाभळीच्या बीचे कवच कठीण असते, ती गरम पाण्यात रात्रभर भिजत घालून मग पिशवीत लावली म्हणजे लवकर रुजते. टिपणांच्या वह्या मुलांना परत न देता एक वर्ष शाळेच्या कपाटात ठेवाव्यात व पुढील आषाढात नव्या वर्गाला दाखवाव्यात, पहिले व दुसरे चित्र शेजारीशेजारी असलेले पान उघडून.